पळता येत नाही, पण खेळता येतं : सांध्यांचा आजार असलेल्या मुलांसाठी हलके खेळ

शनिवारची सकाळची शाळा. पटांगणावर कवायत सुरू आहे. एक मुलगा पाय ओढत येतो, रांगेत एकाच पायावर भार देऊन उभा राहतो, खाली बसा म्हटलं की मांडी न घालता पाय पसरतो. तोच मुलगा सोमवारी दुपारच्या सुट्टीत इतरांमागे पळताना दिसतो. मग आपण विचारतो, "शनिवारी तर चालता येत नव्हतं, आता कसा पळतोस रे?" घरी आई सांगते, "सकाळी शाळेत जायचं म्हटलं की याचे घुडगे दुखते." शाळेला आणि घरालाही वाटतं, पोरगं नाटक करतं.

बऱ्याचदा ते नाटक नसतं. सकाळी सांधे आखडणं आणि हालचाल झाल्यावर हळूहळू मोकळे होणं, ही लहान मुलांच्या संधिवाताची ठळक खूण आहे. रात्रभर सांधा एका जागी राहिला की सूज आलेला भाग घट्ट होतो. म्हणून सकाळी सातची शाळा त्याला जड जाते आणि साडेदहाची जरा बरी जाते. आपण ज्याला खोटेपणाचा पुरावा समजतो, तीच आजाराची खूण असते. संधिवात फक्त म्हाताऱ्यांना होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की डॉक्टरांकडे जायलाच वर्ष निघून जातं.

हा लेख खेळांविषयी आहे. पण आजार कोणता हे थोडंफार कळल्याशिवाय खेळ निवडता येत नाही, म्हणून आधी तेवढं बघू.

सांधे दुखतात, पण कारण एकच नसतं

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेला आणि ज्याचं दुसरं कारण सापडत नाही असा सांध्यांचा दाह असेल, तर डॉक्टर त्याला बालसंधिवात म्हणतात. कागदावर 'जेआयए' असं लिहिलेलं असतं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. गुडघा, घोटा, मनगट, बोटांचे सांधे सुजतात. काही मुलांचा जबडाही धरतो. डबा खायला इतरांच्या दुप्पट वेळ लावणारं, भाकर बाजूला ठेवून नुसता भात खाणारं लेकरू लाडावलेलं असेलच असं नाही. याच आजारात काही मुलांच्या डोळ्यांच्या आत सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि नजर मात्र कमी होत जाते. म्हणून डोळे दुखत नसले तरी नेत्रतज्ज्ञांकडून ठरावीक काळाने तपासून घ्यावे लागतात.

हिमोफिलियाची गोष्ट वेगळी. हा बहुतेक मुलग्यांमध्ये दिसतो. रक्त गोठवणारा घटक कमी असल्याने साध्या मुरगळीनंतर, कधी काहीच न लागता, सांध्याच्या आत रक्त उतरतं. गुडघा, घोटा आणि कोपर हे तीन सांधे जास्त सापडतात. त्यावेळी खेळ पूर्ण बंद, सांध्याला आराम, बर्फाचा शेक आणि लवकरात लवकर 'फॅक्टर'चं इंजेक्शन. अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाचं डे केअर केंद्र आहे, हे वऱ्हाडातल्या पालकांना माहीत असायला हवं. अशा मुलाला मनानं वेदनाशामक गोळी देऊ नये. ॲस्पिरिन तर मुळीच नाही. सुजलेला गुडघा 'बसवून' घ्यायला मालिशवाल्याकडे नेऊ नये, त्यानं रक्तस्राव वाढतो. डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, थेट दवाखाना.

विदर्भात सिकलसेलही आहे. त्यात हाडं-सांधे दुखण्याचे झटके येतात, काहींचा खुब्याचा सांधा झिजतो. पाणी कमी पडणं, थंडी आणि दमणूक यांनी झटका येतो, म्हणून या मुलांच्या बाबतीत खेळापेक्षा पाण्याची बाटली आधी. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर असं दुखणं फिरू लागलं, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. तो हृदयाच्या झडपांवर जातो, तिथे आपण खेळ सुचवण्याच्या फंदात पडू नये. आधी डॉक्टर.

आणि वाढीचं दुखणं? ते असतं. पण ते रात्री येतं, दोन्ही पायांत येतं, चोळलं की थांबतं, सकाळी मूल नेहमीसारखं चालतं. सांधा सुजत नाही. सकाळी लंगडणाऱ्या मुलाला "वाढीचं आहे, जाईल" असं सांगून घरी पाठवू नये. एकच सांधा तापलेला, लाल, अंगात ताप आणि पाय टेकवतच नाही असं असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दुखण्यानं रात्री झोपेतून उठणं, वजन उतरणं, चेहरा पांढरा पडणं हेही थांबण्यासारखं नाही.

"याला खेळू देऊ नका"

पालक असं लिहून देतात, तेव्हा त्यांची भीती खरी असते. पूर्वी डॉक्टरही संधिवाताच्या मुलांना लांबच लांब विश्रांती सांगत. आता तसं नाही. सांधा हलवला नाही तर त्याच्या भोवतीचे स्नायू बारीक होतात, सांधा वाकलेल्या अवस्थेतच आखडतो, आणि मग औषधानं सूज गेली तरी पाय सरळ होत नाही. हिमोफिलियातही तेच. रक्तस्राव थांबून सांधा शांत झाल्यावर भोवतीचे स्नायू मजबूत असतील तर पुढचा रक्तस्राव टळायला मदत होते. म्हणून सांध्याला हालचाल हवी, पण हिसका आणि आदळआपट नको.

लंगडी, कबड्डी, दोरीवरच्या उड्या यांत नेमकं तेच होतं. उडी मारून जमिनीवर उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. लंगडीत तो सगळा एकाच पायावर येतो. खो-खोत उकिडवं बसून झटक्यानं उठायचं असतं. कबड्डीतली पकड हिमोफिलियाच्या मुलासाठी सरळ धोका आहे. गोट्या वरून निरुपद्रवी दिसतात, पण उकिडवं बसणं आणि बोट मागे ताणून मारणं हे दोन्ही सुजलेल्या सांध्यांना नको असतं.

दुसरी सोय आपण शिक्षक लगेच करतो : "तू गुण लिही." एक दिवस ठीक. वर्षभर वही घेऊन कडेला बसलेलं मूल खेळत नसतं, ते इतरांचा खेळ बघत असतं, आणि वर्गाला त्याची तशीच सवय होते. माझं मत असं, की अशा मुलासाठी वेगळा खेळ काढूच नये. सगळ्या वर्गानं खेळावा असाच खेळ निवडावा, ज्यात हे मूलही बरोबरीनं जिंकू शकेल. तसे खेळ आपल्याकडे भरपूर आहेत.

शिवाजी म्हणतो

हा खेळ कोणाला शिकवावा लागत नाही. "शिवाजी म्हणतो, हात वर" असं म्हटलं तरच हात वर करायचा, नुसतं "हात वर" म्हटलं तर नाही. तो खुर्चीवर किंवा बाकावर बसून खेळा आणि आज्ञा नीट निवडा. शिवाजी म्हणतो, कुलूप उघडा (मनगट फिरतं). पोळी लाटा. पतंगाला ढील द्या. आभाळाला हात लावा. कान खांद्याला टेकवा. टाचा उचला, आता चवडे उचला. मूठ घट्ट, मूठ मोकळी. दहा मिनिटांत शरीरातला जवळजवळ प्रत्येक सांधा एकदा फिरतो, आणि कोणाला व्यायाम केल्यासारखं वाटत नाही.

या खेळाचा आणखी एक उपयोग आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या बालसंधिवाततज्ज्ञ हेलन फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांचे सांधे झटपट पाहण्याची एक पद्धत तयार केली, तिला 'पीजीएएलएस' म्हणतात. दोनेक मिनिटांची तपासणी, आणि तिच्यातल्या बऱ्याच सूचना 'शिवाजी म्हणतो'त सहज बसणाऱ्या आहेत : चवड्यांवर चाला, टाचांवर चाला, हात पुढे करा आणि उलटे करा, मूठ वळा, नमस्कार करा, आता तळहातांच्या पाठी एकमेकींना लावा, छताकडे बघा, हात मानेमागे न्या, तोंड मोठं उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. नमस्कार करताना एका मुलाची बोटं जुळतात पण तळवे मधे उघडेच राहतात, किंवा नमस्काराच्या स्थितीत कोपरं वर येत नाहीत, तर मनगटाकडे लक्ष द्यायला हवं. शिक्षकानं निदान करायचं नाही. पण चाळीस मुलांत कोणाचं मनगट वाकत नाही हे सगळ्यात आधी शिक्षकालाच दिसू शकतं. डॉक्टरसमोर मूल पाच मिनिटं असतं, आपल्यासमोर पाच तास.

ज्वारीचे चेंडू

बोचिया नावाचा एक खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. खुर्चीवर बसून खेळायचा. एक पांढरा चेंडू आधी टाकतात. मग एका बाजूचे सहा लाल आणि दुसऱ्या बाजूचे सहा निळे चेंडू त्याच्या जितके जवळ जातील तितके न्यायचे. ज्याचा चेंडू सर्वांत जवळ त्याला गुण, आणि दुसऱ्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षाही आपले जितके चेंडू जवळ, तितके जास्त गुण. पळणं नाही, उडी नाही, कोणी कोणाला धरत नाही. पण नेम, अंदाज आणि डावपेच भरपूर. समोरच्याच्या चेंडूला ढकलून लांब करायचं की आपला हळूच सरकवायचा, यावर पाचवीची मुलं भांडायच्या बेतात येतात, इतका रंगतो.

खरे चेंडू महाग. आपल्याला जुने पायमोजे आणि ज्वारी पुरते. खऱ्या चेंडूचं वजन पाव किलोपेक्षा थोडं जास्त असतं. मनगट दुखणाऱ्या मुलासाठी त्याच्या निम्म्याहून कमी भरा. मोज्याला गाठ मारून वरून लाल-निळी चिंधी शिवा. (पावसाळ्यात ज्वारीला सोंडे लागतात, तेव्हा रेती बरी.) ज्याला फेकणंच जमत नाही त्याच्यासाठी शेतात उरलेल्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून पन्हळ करा आणि चेंडू त्यातून सोडू द्या. ही सूट नाही, पॅरालिम्पिकमध्येसुद्धा अशी उतरंड वापरणाऱ्या खेळाडूंचा वेगळा गट असतो. मुलांना हे आवर्जून सांगा, म्हणजे "याला सोपं करून दिलं" अशी कुरकुर होत नाही.

कापूस, कवड्या आणि माती

दिवाळीच्या आगेमागे बार्शीटाकळीच्या भोवती पऱ्हाटी पांढरी होते, तेव्हा हा खेळ घ्या. टेबलाच्या दोन टोकांना दोन-दोन पुस्तकं ठेवून गोल करा, मधे कापसाचा बोळा ठेवा आणि फुंकर मारून तो समोरच्याच्या गोलमध्ये घालवा. हात मांडीवर. गुडघे, मनगट, बोटं सगळ्यांना सुट्टी, श्वासाला काम. सरकी काढलेला कापूस लगेच उडून जातो, सरकीसकट बोंडातला कापूस जड असल्याने दमानं सरकतो. दोन्ही घेऊन बघा, विज्ञानाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला मात्र पंच करा.

अष्टाचंग आपल्या आज्यांना पाठ असतो. पाच बाय पाच घरांचा पट खडूनं काढायचा, चार कवड्या नाहीतर फोडलेले चिंचोके टाकायचे आणि पडेल तेवढी घरं सोंगटी पुढे न्यायची. दान मोजायचे नियम गावागावांत थोडे बदलतात, ते मुलांना आजीकडून विचारून आणायला सांगा. फक्त पट जमिनीवर काढू नका. टेबलावर, बाकावर, पुठ्ठ्यावर काढा, म्हणजे मांडी घालावी लागत नाही. कवड्या मुठीत हलवण्याचा त्रास होत असेल तर वाटीत घालून टाका. सागरगोट्यांत वर उडवून झेलायची घाई असते, म्हणून मनगट सुजलेलं असताना ते नकोत. सूज उतरल्यावर टेबलावर, मोठ्या चिंध्यांच्या पुरचुंड्या करून चालतात. कॅरमही असाच. बोटाची टिचकी जमत नसेल तर जाड पेन्सिलीनं स्ट्रायकर ढकलू द्या.

पोळ्याच्या आधी मातीचे बैल करायला सांगतो ना आपण, तो बोटांचा उत्तम व्यायाम आहे. माती मात्र कोमट पाण्यात, चांगली सैल भिजवलेली हवी. घट्ट माती मळायला लावली तर उलटंच होईल. तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी बैल दोरीनं ओढत चालणं हे सपाट रस्त्यावर पायांना छान.

आणि भुलाबाई विसरू नका. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघरी गाणी होतात, त्यानंतर डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. डबा हलवून आवाज ऐकायचा, "गोड का तिखट, ओला का कोरडा" असे प्रश्न विचारायचे. बसल्या जागी चालणारा, पूर्ण बरोबरीचा खेळ आहे. शाळेत तो वर्षभर घेता येतो, मुलं-मुली दोघांनाही. टिपऱ्या हातात धरायला त्रास होत असेल तर टाळी पुरे.

घरी करायला पाण्याचा खेळ. सकाळी उठल्या उठल्या मोठ्या भांड्यात सोसवेल इतकं कोमट पाणी, त्यात दोन स्पंज. एका वाटीतलं पाणी स्पंजनं उचलून दुसऱ्या वाटीत पिळायचं, कोणाची वाटी आधी भरते. आखडलेली बोटं पाण्यात मोकळी होतात आणि शाळेची तयारी रडारडीशिवाय होते. सायकल चालवता येत असेल तर सपाट रस्त्यावर तीही चांगली, कारण वजन सीटवर असतं. हिमोफिलियाच्या मुलाला हेल्मेटशिवाय नाही.

किती वेळ, कधी, आणि थांबायचं कधी

पहिल्या तासाला खेळ नको. शनिवारची कवायत या मुलांसाठी बसून करून घ्या, आणि उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की खेळाचा तास शेवटाकडे ढकला, पण ऊन चढायच्या आत आणि सावलीत. अकोल्याचं ऊन कोणाला सांगायला नको.

दहा मिनिटं खेळ, थोडी विसावणी, परत दहा मिनिटं. मुलाला "दुखतंय का?" असं सगळ्यांसमोर विचारलं तर उत्तर "नाही"च येतं. त्यापेक्षा आधीच ठरवून ठेवा : एका हाताची बोटं दाखवायची. बोट नाही म्हणजे ठीक, पाच म्हणजे सहन होत नाही. तीन दिसली की शिक्षकानंच "चला, पाणी पिऊन या" म्हणायचं. एक सोपा मापदंड घरच्यांनी पाळावा. खेळल्यानंतरचं दुखणं दोन तासांत उतरलं तर तेवढा खेळ ठीक होता. त्याहून जास्त टिकलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त आखडलं, तर पुढच्या वेळी वेळ कमी करा, खेळ बंद नको. सांधा त्या दिवशी गरम आणि सुजलेला असेल तर मात्र त्याला आराम, आणि खेळ ज्यात तो सांधा लागत नाही असाच : गुडघा सुजला असेल तर अष्टाचंग, मनगट सुजलं असेल तर कापूस फुंकणं.

वर्गात एका जागी तासभर बसवणंही सांध्याला खेळाइतकंच जड असतं. वह्या वाटायला, फळा पुसायला, हजेरी कार्यालयात नेऊन द्यायला त्यालाच उठवा. पायाला हालचाल मिळते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जमिनीवर बसण्याऐवजी खुर्ची द्या. उकिडवं बसता येत नाही म्हणून काही मुलं शाळेत लघवीलाच जात नाहीत आणि दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मुलीच्या बाबतीत विशेष बघा. कमोडची खुर्ची ही गरज आहे, चैन नाही.

काही मुलांना मेथोट्रेक्सेट नावाचं औषध असतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. घरात गोळ्या कोण देतं हे एकदा विचारून घ्या, कारण रोज दिलं गेलं तर ते धोक्याचं आहे. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ आणि थकवा येऊ शकतो. त्या दिवशी खेळाचा हट्ट नको. या औषधानं प्रतिकारशक्ती दबते, म्हणून वर्गात कोणाला कांजिण्या निघाल्या तर त्या पालकांना त्याच दिवशी फोन करा.

कागदपत्रांचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. पथक येणार त्या दिवशी संशय असलेलं मूल गैरहजर राहू देऊ नका आणि तुमचं निरीक्षण तोंडी न सांगता कागदावर द्या : कोणता सांधा, किती दिवसांपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, खाली बसता येतं का, डबा किती वेळात संपतो. पुढची तपासणी अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होऊ शकते, तेव्हाही हाच कागद कामाला येतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया आणि सिकलसेल त्यात नावानिशी आहेत. बालसंधिवात स्वतंत्र नावानं नाही, पण त्यामुळे चालण्या-वापरण्यात कायमचा अडथळा आला असेल तर अस्थिव्यंग या प्रकारात तपासणी होऊ शकते. प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा त्याहून जास्त नोंद झाली तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमात आहे. प्रमाणपत्र नसलं तरी जाड पेन्सिल, खुर्ची आणि ज्वारीचा चेंडू द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

पालकांनी वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून शाळेत द्याव्यात : आजाराचं नाव, औषध आणि त्याचा वार, डॉक्टरांनी मना केलेले खेळ, आणि डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख. वर्गशिक्षक बदलले की ते पान नव्या शिक्षकांना दाखवावं.